लिस्बनच्या रिकाम्या जागा

वसई, चौल, साष्टी किंवा एकंदर फिरंगाणाच्या इतिहासाची चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणते, 'त्याचे कागद लिस्बनला आहेत.' हे वाक्य आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. बोलणाऱ्याचा हेतू माहिती देण्याचा असला, तरी त्याचा परिणाम बहुधा चर्चा संपण्यात होतो. कागद लिस्बनला आहेत, म्हणजे ते सुरक्षित आहेत, संपूर्ण आहेत, कोणीतरी कधीतरी जाऊन ते वाचील आणि मग आपल्या किनाऱ्याचा इतिहास पुरा होईल, असा एक दिलासा त्यात दडलेला असतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरात आयुष्य घालवून मराठे-पोर्तुगीज संबंधांची जी उकल केली, ती वाचूनही हा दिलासा कमी होत नाही. उलट गोव्यात एवढे, तर लिस्बनमध्ये केवढे असेल, असेच वाटत राहते.

आम्हां दोघांपैकी एकाचा विषय साहित्य, दुसरीचा इतिहास. संसाराच्या तीस वर्षांत या दोन विषयांचे भांडण मिटलेले नाही, पण लिस्बनला जायचे ठरले तेव्हा एका गोष्टीवर आमचे एकमत झाले. दप्तरखान्याची पायरी चढण्यापूर्वी पहिले चार दिवस शहर पायांनी पाहायचे. कागद ज्या शहरात राहिले त्या शहराचे काय झाले, हे कळल्याशिवाय कागदांचे काय झाले हे कळणार नाही, अशी आमची धारणा होती. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी सकाळी आम्ही चालायला सुरुवात केली ती नदीकाठच्या मोठ्या चौकापासून.

या चौकाला दोन नावे आहेत. सरकारी नाव 'प्रासा दु कोमेर्सिउ', म्हणजे व्यापाराचा चौक. पण लिस्बनचे लोक आणि तेथील भुयारी रेल्वेचे स्थानकही त्याला 'तेरैरु दु पासु' म्हणते, म्हणजे राजवाड्याचे अंगण. अंगण आहे, राजवाडा नाही. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या एकसारख्या इमारती, चौथ्या बाजूला थेट तेजो नदी; आणि नदी येथे इतकी रुंद आहे की कोकणातला माणूस तिला खाडीच म्हणेल. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएलने टेकडीवरचा किल्ला सोडून नदीच्या काठाशी, गलबतांच्या शेजारी, आपला वाडा बांधला. ज्या राजाचे उत्पन्न मिऱ्यांवर चालते त्याने गोदीशेजारी राहावे यात नवल नाही. या वाड्याच्या तळमजल्यावर 'कासा दा इंडिया' होती. नावाचा शब्दशः अर्थ 'हिंदुस्थानचे घर'. पूर्वेकडच्या व्यापाराचा सारा कारभार तेथून चाले: जहाजांची भरती, मिऱ्यांचे वजन, अधिकाऱ्यांच्या नेमणुका, नावाड्यांचे नकाशे, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गलबताचा हिशेब. मलबारचे मिरे, खंबायतचे कापड, कोकण किनाऱ्यावरच्या ठाण्यांचा जमाखर्च, या सगळ्याच्या वह्या अखेरीस येथे येऊन पडत.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊनंतरची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपाचे धक्के बसले. मोकळ्या जागेच्या आशेने लोक या नदीकाठच्या चौकाकडे धावले. नदी मागे हटली आणि लाटा होऊन परत आली. आणि त्यानंतर जी आग लागली ती पाच-सहा दिवस धुमसत राहिली. मृतांचा आकडा दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. राजवाडा गेला. सुमारे सत्तर हजार ग्रंथांचे राजग्रंथालय गेले. शेजारचे नवे भव्य ऑपेरागृह त्याच वर्षीच्या वसंतात उघडले होते. सात महिन्यांतच त्याचे आयुष्य संपले. आणि कासा दा इंडियाचे दप्तर बहुतांशी नष्ट झाले.

चौकात उभे राहून आम्ही तिची काही खूण सापडते का ते पाहत होतो. आम्हांला सापडली नाही. जेथे आपल्या किनाऱ्याचा अडीचशे वर्षांचा हिशेब ठेवलेला होता, तेथे आज कमानींखाली उपाहारगृहांची टेबले मांडलेली आहेत. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराचे आकडे इतिहासकारांना आज प्रती, पत्रे, बखरवजा ग्रंथ आणि परक्या व्यापाऱ्यांच्या नोंदी यांवरून का जुळवावे लागतात, याचे उत्तर ही रिकामी जागा देते. 'कागद लिस्बनला आहेत' या वाक्याचा एक मोठा भाग क्रियापदाच्या काळापाशीच अडतो. ते होते.

चौकाच्या मध्यभागी राजा जुझे पहिला याचा अश्वारूढ पुतळा आहे. माशादु द काश्त्रुने घडवलेला, १७७५ साली उभारलेला. चौथऱ्याच्या एका बाजूला घोडा आहे आणि दुसऱ्या बाजूला हत्ती. हत्ती म्हणजे पूर्वेकडचे साम्राज्य, हे सांगायला नकोच. मात्र हा हत्ती उभा राहिला तेव्हा चिमाजी अप्पांनी वसई घेऊन छत्तीस वर्षे झाली होती आणि पोर्तुगीजांचा 'उत्तर प्रांत' जवळजवळ संपलेला होता. (गोव्याभोवती त्यांनी त्याच शतकात नवा मुलूख मिळवला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.) ज्या राजाचा हा पुतळा, त्याने भूकंपानंतर दगडी घरात राहण्याचे नाकारले आणि १७७७ साली मरेपर्यंत आजुदाच्या टेकडीवर लाकडी बराकीत दरबार भरवला. घोड्यावर ताठ बसलेल्या या राजाकडे पाहताना ते आठवले की पुतळ्याचा रुबाब थोडा उतरतो.

आता या कथेतील आम्हांला सर्वांत प्रिय असलेल्या माणसाकडे वळू. त्याचा पुतळा आम्हांला कोठे दिसला नाही. मानुएल दा माया हे त्याचे नाव. जन्म १६७७ चा, म्हणजे भूकंपाच्या वेळी वय अठ्ठ्याहत्तर. तो राज्याचा मुख्य अभियंता होता आणि त्याच वेळी राजदप्तराचा, 'तोर्रे दो तोंबो'चा, मुख्य रक्षकही होता. 'तोंबो' म्हणजे नोंदवही आणि 'तोर्रे' म्हणजे बुरूज. राज्याचे दप्तर तेव्हा टेकडीवरच्या किल्ल्याच्या एका बुरुजात असे. बुरूज ढासळला. या वृद्धाने ढिगाऱ्यातून कागद काढवले, किल्ल्याच्या आवारात लाकडी खोपट उभारून त्यात ते ठेवले, आणि १७५७ मध्ये ते साव बेंतुच्या मठात हलवले. तेथे ते १९९० पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, राहिले.

हे चालू असतानाच, भूकंपाला पाच आठवडे होण्याच्या आत, त्याने शहर पुन्हा कसे उभारावे यावरच्या आपल्या निबंधाचा पहिला भाग लिहिला. त्यात त्याने पर्याय मांडले होते: होते तसे पुन्हा बांधावे, रस्ते रुंद करून बांधावे, रस्ते रुंद आणि घरे बुटकी करावीत, खालचे शहर सपाट करून नव्या आराखड्याने रचावे, किंवा जुने सोडून बेलेंच्या बाजूला नवे नगर वसवावे. पुढे पोंबालचा मार्किस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने चौथा पर्याय निवडला, एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी तो कागदावर उतरवला आणि आज आपण जे 'बायशा' पाहतो ते निर्माण झाले. हे सर्व 'पोंबालचे लिस्बन' म्हणून ओळखले जाते. एकाच माणसाने एका हाताने जुने कागद वाचवले आणि दुसऱ्या हाताने जुने रस्ते पुसायचा मार्ग दाखवला, ही गोष्ट मात्र वाटाड्यांच्या पुस्तकांत क्वचितच येते. आमच्या घरातील इतिहासाच्या पक्षाला त्यात विसंगती दिसली नाही: जतन कशाचे करायचे हे ज्याला नेमके ठाऊक आहे, तोच बाकीचे पाडू शकतो. साहित्याच्या पक्षाला ते अजून पटलेले नाही. रस्ताही वाचता येतो, आणि ज्या रस्त्याची प्रत काढून ठेवलेली नाही तो एकदा गेला की गेलाच, असे त्या पक्षाचे म्हणणे.

बायशाचे रस्ते काटकोनात आहेत. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा आहे. भूकंपात दगड पडला तरी सांगाडा उभा राहावा ही त्यामागची कल्पना. रस्त्यांना धंद्यांची नावे दिली: सोनारांचा, चांभारांचा, खोगिरे करणाऱ्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. या शेवटच्या, रुआ दुश दोराडोरिशवर, साहित्याचा पक्ष बराच रेंगाळला, कारण फर्नांदु पेसोआने आपल्या गद्यग्रंथातील कारकुनाला याच रस्त्यावर बसवले आहे. पेसोआच्या मृत्यूनंतर त्याच्या पेटीत पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले. या शहरात कागदांची गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही, हेच खरे.

रस्त्याने चालताना मराठी माणसाचा एक वेगळाच खेळ सुरू होतो. पाट्या वाचण्याचा. पावाच्या दुकानावर 'पाव', भाजीवाल्याकडे 'बटाटा', लिलावाच्या जाहिरातीवर 'लैलाव', गल्ल्यापाशी 'पगार'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडे पैसे देणे. आपण त्या क्रियापदाचे नाम केले आणि ते पैसे देणाऱ्याकडून काढून घेणाऱ्याकडे दिले. 'तुरुंग'चे मूळ 'त्रोंकु', म्हणजे झाडाचा बुंधा, पाय अडकवायचा खोडा. पण आम्हांला थांबवले ते कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीने. शब्द लिहिला होता तो आपली 'चावी', मात्र दुकानदाराने उच्चारला तो 'शाव्ह'. सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांच्या तोंडी या शब्दाच्या आरंभी 'च' होता. पुढे लिस्बनच्या बोलीत त्याचा 'श' झाला; उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत जुना 'च' अजून टिकून आहे म्हणतात. तोपर्यंत शब्द आपल्याकडे येऊन रुजला होता. म्हणजे मानुएल राजाच्या काळातला उच्चार राजधानीने टाकला आणि रत्नागिरीच्या घरांतून तो रोज ऐकू येतो. लिस्बनचा सगळाच जुना ऐवज लिस्बनमध्ये शोधण्यात अर्थ नाही, हे भाषाशास्त्राने आम्हांला असे फुटपाथवर शिकवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेकडे वळलो. नदीला समांतर थोडे गेले की 'काझा दुश बिकुश' लागते. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेले घर. ते बांधले १५२३ मध्ये, ब्राश द आल्बुकर्कने. हा गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कचा मुलगा. बापाच्या पत्रांवरून त्याने त्याच्या पराक्रमाचा वृत्तांत रचला आणि तो १५५७ साली छापून निघाला. आल्बुकर्कची जी प्रतिमा पुढे शाळकरी पुस्तकांत गेली तिची बरीचशी घडण या ग्रंथात आहे. भूकंपात घराचे वरचे दोन मजले कोसळले आणि सव्वादोनशे वर्षे घर तसेच बुटके राहिले. १९८० च्या दशकात मजले पुन्हा चढवले. २०१२ पासून येथे जुझे सारामागु प्रतिष्ठान आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागुची रक्षा आहे. गोव्याच्या विजेत्याच्या मुलाचे घर, आणि त्याच्या दारात असा कादंबरीकार, ज्याच्या १९८९ च्या 'लिस्बनच्या वेढ्याचा इतिहास' या कादंबरीत एक मुद्रितशोधक इतिहासग्रंथात एक 'नाही' घुसडून देतो. योगायोगांवर फार भार टाकू नये हे खरे. तरी साहित्य शिकवणाऱ्यांनी हा योगायोग सोडू नये.

तेथून वर अल्फामा. नाव अरबी, उष्ण झऱ्यांवरून पडलेले. हा भाग भूकंपात तुलनेने वाचला, म्हणून गल्ल्या अजून वाकड्या आहेत, पायऱ्या अनपेक्षित ठिकाणी सुरू होतात आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून वाट दुसऱ्याच कोणाच्या अंगणात निघते. काल पाहिलेल्या काटकोनांनंतर येथे आमचा नकाशा निरुपयोगी झाला. अल्फामाला 'खरे जुने लिस्बन' म्हणण्याची आता पद्धत आहे. ते फारसे खरे नाही. जुन्या लिस्बनचे हृदय खाली, राजवाड्यामागच्या रुआ नोव्हा या व्यापारी रस्त्यावर होते; चिनी मातीची भांडी, हिंदी कापड, आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसे यांची तेथे उलाढाल चाले. तो रस्ता नकाशावरून नाहीसा झाला. वाचला तो कोळ्यांचा, खलाशांचा, गरिबांचा डोंगरउतार, आणि राहिलेल्याला आपण संपूर्णाचे नाव देऊन मोकळे होतो. मराठी वाङ्मयेतिहास लिहिताना आपण हेच अनेकदा करतो. टॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले, पण त्या पहिल्या मुद्रणाची एकही प्रत आज ज्ञात नाही. आणि सोळाव्या शतकात रामायण-महाभारताच्या ज्या मराठी-कोकणी कथा गोव्यात लिहून घेतल्या गेल्या, त्या रोमन लिपीतल्या प्रती पोर्तुगालच्या उत्तरेस ब्रागाच्या ग्रंथालयात राहिल्या म्हणून मिळाल्या. या दोन-चार तुकड्यांवरून आपण एका संपूर्ण वाङ्मयीन जगाचे अनुमान बांधतो आणि तुकड्यांना ते जग म्हणू लागतो.

किल्ल्यात दप्तराचा तो बुरूज आहे. त्याला आता युलिसिसचा बुरूज म्हणतात, आणि आत एक आरशा-भिंगांची योजना आहे, जी बाहेरचे चालते शहर अंधाऱ्या खोलीतल्या पसरट थाळीवर उमटवते. लहान मुले कागद धरून त्यावर ट्राम उचलून घेतात. जेथे राज्याची स्मृती होती तेथे आता फक्त या क्षणाचे चित्र दिसते. व्यवस्थापनाला हा विनोद अभिप्रेत नसावा.

येथेच गोव्याचा धागा पुरा करणे योग्य होईल. १५९५ साली गोव्यातही स्वतंत्र दप्तरखाना स्थापन झाला, आणि त्याचा पहिला रक्षक होता इतिहासकार दियोगु दु कोउतु. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांबरोबर ये-जा करी, म्हणून त्या पत्रांच्या ग्रंथांना 'मान्सूनची पुस्तके' असे सुंदर नाव पडले. लिस्बनचे दप्तर जळाल्यानंतर वीसेक वर्षांनी या पुस्तकांपैकी साठाहून अधिक खंड गोव्यातून लिस्बनला नेण्यात आले. १८८० पासून ते छापले जाऊ लागले. बाकीचे पणजीत राहिले. याचा अर्थ असा की लिस्बनला आपण ज्यांना 'तिकडचे कागद' म्हणतो त्यांतले कित्येक इकडचेच आहेत, आणि लिस्बनची स्मृती भूकंपानंतर काही अंशी गोव्याने भरून दिली आहे. दोन्हीकडचे खंड एकत्र ठेवल्यावाचून एकाही वर्षाची गोष्ट नीट सांगता येत नाही.

किल्ल्यावरून दुसऱ्या अंगाने उतरले की मोरारिया, ११४७ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेल्यावर मुसलमानांना नेमून दिलेली वस्ती. आज त्या उतारावर गुजराती आणि बंगाली ऐकू येते. वाण्याच्या दुकानात हिंग मिळाला. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर तेथील पुष्कळ गुजराती कुटुंबे लिस्बनला आली, काही मूळची दीवची. साम्राज्याच्या परतीच्या लाटेवर हा एक स्वतंत्र लेख होईल.

शनिवारी रोसियू. या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा जमिनीवर बसवल्या आहेत. चालताना खरोखरच किंचित भोवळ येते. उत्तरेच्या बाजूला खांबांचे देखणे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, १८४६ साली उघडलेले. त्याच जागी एश्ताउश नावाचा वाडा होता आणि त्या वाड्यात इन्क्विझिशनचे मुख्य ठाणे. वाडा १८३६ मध्ये जळाला. धर्मन्यायासनाच्या जागेवर रंगभूमी उभी राहिली, यात सूड पाहावा की विस्मरण, यावर आमचा वाद झाला. जाहीर शिक्षेचे सोहळे याच परिसरात होत. १७६१ मध्ये येथेच गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध जेझुइटाला गळा आवळून मारले आणि जाळले. भूकंप हा देवाचा कोप आहे, त्याला नैसर्गिक कारणे देऊ नयेत, असे त्याने लिहिले होते आणि ते पोंबालला खपले नव्हते. पोंबालला विवेकवादाचा नायक ठरवणाऱ्यांनी हे दृश्य लक्षात ठेवावे: विवेकाने आपल्या विरोधकासाठी धर्मन्यायासनाचीच चिता वापरली. त्याच पोंबालच्या राजवटीत भूकंपाविषयी गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली गेली होती: धक्का किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने आला, समुद्र आधी चढला की उतरला, माणसे किती मेली. ती उत्तरे तोर्रे दो तोंबोत आहेत आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक आजही ती वाचतात. दोन्ही गोष्टी एकाच कारकिर्दीतल्या.

चौकाच्या कोपऱ्यापलीकडे सां दोमिंगुशचे चर्च. १९५९ च्या आगीत ते आतून भाजून निघाले आणि दुरुस्ती करताना भाजलेले दगड तसेच ठेवले. खांब तडकलेले, कडा वितळल्यासारख्या, त्यावर नवे छत. लिस्बनमधील दुसऱ्या कोणत्याही वास्तूने आमच्याशी इतके सरळ भाषण केले नाही. १५०६ च्या एप्रिलमध्ये या चर्चमध्ये क्रुसावर दिसलेल्या प्रकाशाला लोक चमत्कार म्हणत असताना एका 'नव्या ख्रिश्चना'ने, म्हणजे सक्तीने बाटवलेल्या ज्यूने, शंका घेतली. तेथून सुरू झालेल्या हत्याकांडात तीन दिवसांत सुमारे दोन हजार माणसे मारली गेली असे मानतात. समकालीन आकडे याहून कमीजास्त आहेत. त्याचे स्मारक चर्चबाहेर आहे. त्यावरचे वर्ष २००८. मधली पाचशे वर्षे हा चौक मुका होता.

येथे उभे राहिल्यावर मराठी वाचकाला अनंत काकबा प्रियोळकर आठवतात. त्यांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा ग्रंथ १९६१ चा. गोव्याचे न्यायासन १५६० मध्ये बसले, १७७४ मध्ये उठले, १७७८ मध्ये पुन्हा बसले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. बंद झाल्यावर त्याचे खटल्यांचे कागद बहुतेक सगळे नष्ट करण्यात आले. लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्रा येथील न्यायासनांचे सुमारे चाळीस हजार खटले मात्र शाबूत आहेत. म्हणजे लिस्बनच्या एखाद्या शिंपिणीवर कोणते आरोप झाले, तिने काय उत्तर दिले, साक्षीदार कोण होते, हे आज वाचता येते. साष्टीतील एखाद्या कुणब्याचे उत्तर वाचता येत नाही. त्याच्यासाठी उरली आहे ती यादी. जुवांव देल्गादु फिगैरा याने १६२३ मध्ये तयार केलेली, १५६१ पासूनच्या तीन हजार आठशे खटल्यांची, लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेली. यादीत माणूस सापडतो, त्याचा आवाज सापडत नाही. हा नाश भूकंपाने केलेला नाही. कासा दा इंडियाच्या राखेला निसर्ग जबाबदार होता. ही राख माणसांनी विचारपूर्वक केली. 'कागद लिस्बनला आहेत' असे म्हणताना या दोन प्रकारच्या रिकाम्या जागा आपण वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, कारण पहिलीपुढे हळहळणे पुरते, दुसरीपुढे कोणी आणि का, हे विचारावे लागते.

चर्चच्या बाहेर, स्मारकापासून चार पावलांवर, एका खिडकीएवढ्या दुकानात आंबट चेरीचे मद्य छोट्या पेल्यांतून विकतात. लोक बिया जमिनीवर थुंकत गप्पा मारत होते. आम्हीही एकेक पेला घेतला.

रविवारी बेलें. ट्राम सोडून आम्ही नदीकाठाने सहा-सात किलोमीटर चाललो. वाटेत डोक्यावरून जाणारा झुलता पूल १९६६ मध्ये सालाझारच्या नावाने उघडला. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचे नाव '२५ एप्रिल' झाले. पुढे जुंकैरा भागात सागरपार वसाहतींचे दप्तर आहे, रविवार असल्याने बंद. बेलें भूकंपातून वाचले. त्या दिवशी राजघराणे तेथेच होते म्हणून तेही वाचले. त्यामुळे मिऱ्यांवरच्या पाच टक्के पट्टीतून उभारलेला जेरोनिमुशचा मठ आजही दोरखंड, शिंपले आणि प्रवाळांच्या नक्षीसह उभा आहे. मठ अप्रतिम आहे. पैसा कोठून आला हे आठवूनही तो अप्रतिमच राहतो, आणि ही अडचण आम्हांला तेथे चुकवता आली नाही.

आत शिरताच दोन समाध्या: एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तेथे पुरला गेला, १५३९ मध्ये पोर्तुगालला आणला गेला, आणि या मठात आला तो १८८० मध्ये, कामोंइशच्या त्रिशताब्दीच्या उत्सवात. कामोंइशला ज्या चर्चमध्ये पुरले होते ते भूकंपात उद्ध्वस्त झाले; त्याच्या समाधीतली हाडे त्याची आहेत असे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. शाळांच्या सहली दोन्ही समाध्यांपुढे सारख्याच शांततेने उभ्या राहत होत्या. नदीकाठचे 'शोधांचे स्मारक' तर याहून नवे. ते प्रथम १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले, त्या प्रदर्शनासाठी जुन्या बेलें गावाचा काही भाग पाडला, आणि १९६० मध्ये तेच दगडात कायम केले. त्यावर नाविक आहेत, आल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियर आहे, आणि सगळ्या मांदियाळीत एकच स्त्री. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने ते मान्य केले १९७४ च्या अखेरच्या दिवशी. साम्राज्याचे सर्वांत ठाम विधान हे असे साम्राज्य हातातून सुटत असताना दगडात कोरले गेले. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या तारखाही कधी तरी अशा मांडून पाहाव्यात.

संध्याकाळी आम्ही बेलेंच्या बुरुजापाशी पोहोचलो. त्याच्या एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचे डोके कोरलेले आहे, झिजलेले, शिंग जवळजवळ गेलेले; सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने आल्बुकर्कला दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्या राजवाड्याच्या अंगणात त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्ती पळाला. पुढे पोपला भेट म्हणून नेताना तो इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. ड्यूररने त्याला न पाहताच त्याचे चित्र कोरले आणि युरोपात तेच अडीचशे वर्षे गेंडा म्हणून चालले. पोर्तुगीजांनी त्याला नाव दिले होते 'गंडा', आपल्याकडूनच उचललेले.

इतिहासाच्या पक्षाने त्याचे तीन फोटो काढले, एकही नीट आला नाही. सोमवारी तोर्रे दो तोंबो उघडणार होते, आणि पहिल्यांदा कोणती दप्तरे मागवायची यावर परतीच्या ट्राममध्येही आमचे एकमत होत नव्हते.